रेषेच्या अलीकडे

माझ्या आईनं फ्रेम करून भिंतीवर लावलेला माझा एकच फोटो आहे आणि त्यात मी अर्धाच दिसतो. उरलेला अर्धा चेहरा शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या रुमालाच्या टोकाआड गेला आहे. जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी कुणी पाहुणे आले की त्यांची नजर आधी त्या फोटोवर जाते, कारण त्यात मागे समुद्र आहे, आणि समुद्रापुढे एक बाप्या केळ्याचा पिवळा वेष घालून नाचतो आहे. पाहुणे विचारतात, हे कुठलं? मग आई हातातलं काम टाकून सांगायला बसते. "हा टेंभुर्णीचा," त्या रुमालवाल्यावर बोट ठेवून ती म्हणते, "लई गुणी पोरगं हे. ही नांदेडची. हा तिकडला, वरंगळचा." एवढं सांगून झालं, पाहुणे चपला शोधायला लागले, की तिला आठवतं. "आणि हा आमचा."

मी त्या टेंभुर्णीवाल्यावर जळतो. हे एकदा सांगून टाकलेलं बरं. तो माझ्यापेक्षा श्रीमंत नव्हता, दिसायला चारचौघांसारखा होता आणि कामात आम्ही दोघंही सारखेच मध्यम होतो. तो हुशार-बिशार असता तर माझ्या जळण्याला निदान काही प्रतिष्ठा तरी आली असती. पण त्याचं कौतुक व्हायचं ते त्यानं काहीही न करता व्हायचं, आणि मी मात्र करून करून दमायचो. मला एकदाच, एखाद्या फालतू गोष्टीत का होईना, त्याच्या पुढे असायचं होतं. माझी मागणी एवढीच होती.

आमची पहिली भेट मुंबईच्या विमानतळाच्या दाराबाहेर झाली. कंपनीनं आम्हा दोघांना एकाच विमानानं परदेशी पाठवलं होतं. मी घामाघूम होऊन पोचलो तर दाराशी एक उंच, सावळा माणूस दोन बॅगा आणि एक पितळी सोऱ्या घेऊन उभा. सोऱ्या म्हणजे शेव-कुरडया पाडायचा, तोच. बॅगेत मावला नाही म्हणून हातात.

"जालन्याचे तुम्हीच ना?" त्यानं विचारलं.

"हो. तुम्ही आत नाही गेलात? कधीचे आलात?"

"दुपारीच आल्तो. तुम्ही यायचे होते ना."

"पण आपली तर ओळखही नाही."

"म्हणून काय झालं? जालना जिल्ह्याचा अजून एक जण हे म्हणले हापिसात. मंग एकटं कसं शिरायचं?"

मला तो त्या दिवशी फार आवडला होता. तेवढा एकच दिवस.

ही त्याची खोड पुढे रोजची झाली. तो कुठंही सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि कुठंही आत जायचा नाही. सिनेमाला गेलो तर हा बाहेर उभा. आम्ही येईपर्यंत तिकिटं हातात धरून, आतून पिक्चर सुरू झाल्याचे आवाज येत असले तरी उभा. हॉटेलात टेबल राखून ठेवलेलं असायचं आणि हा पावसात फुटपाथवर. ऑफिसच्या काचेच्या दाराशी तो इतका नियमानं थांबायचा, की नवीन आलेले लोक त्याला दरवान समजून ओळखपत्र दाखवायचे. तोही ते नीट बघून मान हलवायचा. पुढे हेच लोक मला येऊन सांगायचे, "तुझा मित्र काय गोड माणूस आहे!" वेळेवर येऊन सरळ आत जाऊन कामाला बसणाऱ्या माणसाला गोड म्हणायची पद्धत त्या देशातही नव्हती.

एकदा मी वैतागून विचारलं, ही काय भानगड आहे? तेव्हा तो भाकरी थापत होता. हात न थांबवता म्हणाला, "आमच्या टेंभुर्णीला बाया कापूस वेचायला जायच्या ना, तर येताना गावाबाहेरच्या पुलावर बसायच्या. जी आधी आली ती बसणार. सगळ्या आल्या की मंग गावात शिरायचं. माझी आई कायम पहिली पोचायची, तिचा हात जल्दी चालायचा. पण बसायची पुलावर. आम्ही पोरं घरी भुकेले, तरी बसायची."

"का?"

"एकटी बाई गावात दिसली की दुसऱ्या घरची पोरं धावत येतात. आमची आई कुठंय? मंग तिनं काय जवाब द्यायचा? मागं हे म्हणलं तरी लेकराचा जीव उडतो. त्याच्यापेक्षा बसलेलं बरं. बराबर हे का न्हाई?"

बराबरच होतं. त्यामुळेच मला राग आला. विक्षिप्त माणसानं निदान विक्षिप्त कारणं तरी द्यावीत.

आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. तो, मी आणि वरंगळचा एक शांत मुलगा. हा मुलगा आठवड्यातून एखादं वाक्य बोलायचा आणि तेही बहुतेक दह्याबद्दल असायचं. खाली कोपऱ्यावर एका म्हाताऱ्या ग्रीक माणसाचं दुकान होतं. टेंभुर्णीवाला पहिल्याच दिवशी आत गेला (आम्ही तिघं बरोबर होतो म्हणूनच गेला) आणि घरी म्हणतो तसं खणखणीत "जयभीम" म्हणाला. ग्रीकानं विचारलं, याचा अर्थ काय? त्यानं सामानाच्या पिशव्या खाली ठेवून, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, बाबासाहेब, चवदार तळं, राज्यघटना असं सगळं सांगितलं. मागे रांग लागली होती. रांगेतलेही ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून तो ग्रीक आधी जयभीम म्हणायचा आणि मग पाव द्यायचा. मी एकटा गेलो तर मलाही म्हणायचा, पण लगेच माझ्या मागे बघायचा. "तुझा भाऊ कुठं आहे?"

मग तो सोऱ्या. त्या देशात उन्हाळा आला तसा यानं गहू भिजत घातले. तीन दिवस फ्लॅटमध्ये आंबूस वास. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं बाल्कनीत पांढरं धोतर अंथरलं आणि कुरडया पाडल्या. मी हात जोडून सांगितलं, बाबा रे, इमारतीचे नियम आहेत, तक्रार येईल. "काय जल्दी हे? आली की बघू," तो म्हणाला. तक्रार आलीच नाही. आली ती शेजारच्या बाल्कनीतली बाई. सत्तरीची, ताठ मानेची, इतक्या महिन्यांत माझ्या एकाही नमस्काराला तिनं उत्तर दिलं नव्हतं. समुद्रपक्षी कुरडया पळवत होते. तिनं ते पाहिलं आणि कुणी न सांगताच आपल्या बाल्कनीत खुर्ची टाकून, हातात छत्री घेऊन राखणीला बसली. आम्ही ऑफिसातून परत येईपर्यंत. संध्याकाळी यानं तिला कुरडयांचा राखून ठेवलेला चीक तूप-साखर घालून दिला. तिनं त्याच्या गालाला हात लावला. मी मागेच उभा होतो. मी गुड इव्हिनिंग म्हणालो. तिनं छत्री मिटली.

हेही मी सोसलं असतं. पण तो माझ्या आईपर्यंत पोचला.

आई रविवारी फोन करायची. पहिल्यांदा त्यानं स्वयंपाकघरातून ओरडून "मावशी, जयभीम!" म्हटलं तेव्हा ती गडबडली. नंतर हळू आवाजात मला विचारलं, "उलट काय म्हणत्यात रे?" आमच्या घरात तो शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता. दिवाळीपर्यंत मात्र मी फोन उचलल्या उचलल्या ती "जयभीम, कुठंय ते?" म्हणायला लागली. मग त्यांच्या गप्पा. बाजरीला यंदा कणीस कसं धरलं, भोकरदनच्या रस्त्याचं काय झालं, आईचे गुडघे, त्याच्या आईचे गुडघे. एकीच्या गुडघ्याचा उपाय दुसरीला सांगायचा कारभारही त्याच्याकडेच. शेवटी फोन माझ्याकडे यायचा तेव्हा ती दमलेली असायची. "जेवलास ना? बरं, ठेवते."

तर अशा दिवसांत त्या शहराची मोठी पळायची शर्यत आली. शर्यत म्हणजे सगळ्यांनी मजेत पळायची. अख्खं शहर त्या दिवशी रस्त्यावर उतरतं, गाड्या बंद, आणि शहराच्या मधल्या चौकातून निघून टेकडी चढून पलीकडे समुद्रावर जायचं. नाव नोंदवायची कल्पना माझी. नांदेडची आमची एक मैत्रीण होती, ती लगेच तयार झाली. वरंगळवाल्यानं मान हलवली. याला सांगितलं तर म्हणाला, "पळायला नाव द्यावं लागतं? आमच्याकडं कुत्रं मागं लागलं की पुरतं."

मी मनात म्हटलं, हीच ती फालतू गोष्ट. इथं गप्पा चालत नाहीत, सोऱ्या चालत नाही. इथं फक्त पाय चालतात आणि मनगटावरचं घड्याळ.

मी कामाला लागलो. पहाटे उठून पळायला लागलो. भात सोडला, गोड सोडलं, आईनं कुणाबरोबर तरी पाठवलेल्या करंज्या वरंगळवाल्याला देऊन टाकल्या. भारी बूट घेतले. किती वेळात पोचायचं ते ठरवलं आणि बाथरूमच्या आरशावर चिकटवून ठेवलं. तो दात घासताना रोज ते वाचायचा आणि म्हणायचा, "होतंय की. बिलकुल होतंय." त्याची स्वतःची तयारी म्हणजे आदल्या दिवशी त्यानं पायातले जालन्याच्या बाजारातले कॅनव्हासचे बूट धुतले.

त्या रात्री आईचा फोन. मला वाटलं, आता तरी मला काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "गर्दी असंल. त्याच्या मागं मागं राहा, न्हाईतर चुकशील."

सकाळी चौकात माणसांचा पूर होता. अंगाला रंग फासलेले, नवरीचे झगे घातलेले, एकाच लांबलचक सापाच्या वेषात शिरलेले आठ-दहा जण, आणि फोटोतला तो केळ्याच्या वेषातला बाप्या. आमचा हा डोक्याला पांढरा रुमाल बांधून, लग्नाच्या मांडवात फिरतात तसा सगळ्यांची विचारपूस करत फिरत होता. भोंगा वाजला आणि मी सुटलो. मागे वळून पाहिलं तर नांदेडवालीच्या बुटाची नाडी सुटली होती आणि तो तिच्याजवळ उभा होता. माझ्या मनाला जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. नाडीला मी आजही दुवा देतो.

टेकडीपर्यंत मी माझ्या वेळेच्या पुढे होतो. चढावर छातीचा भाता झाला, पण पाय थांबले नाहीत. माथ्यावर पोचलो, समोर खाली समुद्र चमकला आणि मी स्वतःशीच हसलो. आता उतारच उतार. तेवढ्यात मागून टाचा आपटल्याचा आवाज आला. हा बांधावरून उतरणाऱ्या पोरासारखा, दोन्ही हात पसरून, तोंडभर हसत उतारानं सुटला होता. त्याच्या अवतीभवती दहाबारा अनोळखी पोरंपोरी तशीच हात पसरून पळत होती. माझ्या शेजारून जाताना तो ओरडला, "काय जल्दी हे रे तुला!"

आणि पुढे निघून गेला.

उताराचा तो सगळा रस्ता मी कसा कापला ते मला विचारू नका. पाय ठीक होते. मी सोडलेला भात आठवत होतो, करंज्या आठवत होतो. त्या माणसानं काहीच सोडलं नव्हतं. त्याच्या पाठीवर रुमालाचं टोक उडत होतं, ते लहान लहान होत गेलं आणि गर्दीत दिसेनासं झालं.

शेवटी समुद्राच्या काठावर फुगवलेली मोठी कमान होती आणि तिच्याखाली जमिनीवर जाड रेषा. मी लांबून पाहिलं तर रेषेच्या अलीकडे, हात लावता येईल इतक्या अंतरावर, तो उभा. कडेला नीट सरकून, पुलावर थांबतात तसा. नारिंगी जाकीट घातलेली एक बाई त्याला बोटानं रेषा दाखवत होती. तिला वाटत होतं याला रेषा दिसली नाही. तो मान हलवून तिचे आभार मानत होता आणि जागचा हलत नव्हता. कमानीपाशी माइक घेतलेला माणूस होता, तो खाली उतरून आला. "कुणाची वाट बघतोस?" त्यानं विचारलं. याचं उत्तर सगळ्या भोंग्यांमधून समुद्रकिनाऱ्यावर ऐकू गेलं. "माय व्हिलेज कमिंग."

लोक हसले, मग टाळ्या वाजवायला लागले. नेमका तेव्हाच मी पोचलो. त्यानं मला पाहून दोन्ही हात वर केले आणि हजारो माणसं माझ्याकडे बघून ओरडली. त्या टाळ्या माझ्या नव्हत्या. त्या त्याच्या वाट बघण्याच्या होत्या.

घड्याळात पाहिलं. माझी वेळ अजून शिल्लक होती. चार पावलं टाकली असती तर आरशावर चिकटवलेलं खरं झालं असतं, आणि तो माझ्या मागे राहिला असता. मी पाय उचललाही. त्यानं माझं मनगट धरलं, नेमकं घड्याळावर.

"थांब. ते दोघं येऊन राह्यले."

"अरे सोड! माझी वेळ चालली."

"वेळ कुठं चालली? पळून तर आपण राह्यलो."

मी थांबलो. चांगुलपणानं थांबलो असं कुणी समजू नये. एवढ्या लोकांसमोर त्याला टाकून मी रेषा ओलांडली असती तर पहिला मी आलो असतो आणि टाळ्या पुन्हा त्यालाच पडल्या असत्या, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून थांबलो. दात खात थांबलो. माझी वेळ माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली आणि तो शेजारी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होता.

बऱ्याच वेळानं नांदेडवाली आणि वरंगळवाला आले. पळत नव्हे, चालत. बर्फाचे गोळे चोखत. तिनं आम्हाला पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "अगं बाई! तुम्ही कशाला थांबले? आम्ही आल्तोच की!" वरंगळवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या आठवड्यातलं त्याचं एकुलतं वाक्य तो तिथं बोलला. तो म्हणाला, माझ्यासाठी आजपर्यंत कुणी थांबलं नव्हतं. मग टेंभुर्णीवाल्यानं आम्हा चौघांचे हात एकमेकांत गुंफले, "चला आता," म्हणाला, आणि आम्ही रेषा ओलांडली. कुणीतरी फोटो काढला. वाऱ्यानं त्याच्या रुमालाचं टोक उडालं ते माझ्या तोंडावर. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रात तो छापून आला, आणि तिसऱ्या दिवशी जालन्यात आमच्या भिंतीवर लागला.

पुढच्या वर्षी त्याला दुसऱ्या शहरात काम लागलं होतं. मी एकटा पळालो. ठरवलेल्या वेळेत पोचलो, उलट थोडा आधीच. रेषेवर कुणी उभं नव्हतं. मी आईला फोन करून ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "एकटाच पळालास का रे?" एखाद्यानं एकट्यानंच जेवून घेतलं असं ऐकल्यावर व्हावा, तसा तिचा आवाज होता.

त्यानंतर दोन वर्षांनी तिथलं काम संपलं. कंपनीनं परत बोलावलं, दोघांनाही. तिकिटं मात्र वेगवेगळी निघाली. तो माझ्या आठ दिवस आधी सुटला. ते आठ दिवस मी रिकाम्या फ्लॅटमध्ये बॅगा भरत काढले आणि मला एकच चित्र दिसत होतं. हा जालन्यात उतरला आहे, आमच्या घरी पाटावर बसला आहे, आणि माझी आई त्याला वाढते आहे. इतक्या वर्षांची तिची सगळी माया त्या ताटात उतरते आहे. मी पोचेपर्यंत तिच्याजवळ मला द्यायला काही उरायचं नाही. मला झोप लागत नव्हती.

संभाजीनगरच्या विमानतळावर मी बाहेर आलो तर तो दाराशी उभा. मेव्हण्याची गाडी घेऊन आला होता. त्यानं माझी बॅग घेतली.

"कसंय टेंभुर्णीला? आई काय म्हणते?" मी विचारलं.

"न्हाई गेलो अजून."

"न्हाई गेलो म्हणजे? आठ दिवस झाले!"

"इथंच होतो, बहिणीकडं."

"आणि माझ्या घरी?"

"तिकडं कसं जाईन? मावशी विचारणार, आमचा कुठंय. मंग काय सांगू, मागं हे म्हणून?" तो गाडी सुरू करत म्हणाला. "आपण बरोबर गेल्तो ना."

"अरे, पण तुझी आई?"

"तिला फोन केल्ता. म्हणली, बराबर हे, पोरगं येऊ दे. ती पण पुलावरचीच हे ना."

मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. बदनापूर येईपर्यंत मला त्याचा संतापच येत होता. कारण हे मला सुचलं नसतं. शंभर वर्षं दिली असती तरी सुचलं नसतं. मी आठ दिवस त्याच्या ताटाकडे बघत जळत होतो, आणि तो एका तासाच्या अंतरावर आपल्या आईला न भेटता माझी वाट बघत बसला होता. आता या माणसावर जळायचं तरी कसं? पण सवय अशी जात नाही. जालना जवळ आलं, उसाच्या गाड्या आणि सळयांचे ट्रक दिसायला लागले, आणि माझ्या मनात आलं, निदान आपल्या घराच्या दारात तरी आपण आधी पोचावं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी धान्याच्या दुकानापुढे पोती उतरत होती. गाडी आत जाईना. "तू हो पुढं, मी लावून येतो," तो म्हणाला. बस. मी बॅग उचलली आणि निघालो. आधी चालत, मग भराभर, मग कापड दुकानापासून चक्क पळायला लागलो. खांद्यावर बॅग, पायात विमानातले बूट, ऑटोवाले हॉर्न देतायत, ओळखीचे लोक ओट्यावरून हाका मारतायत आणि मी पळतोय. परदेशात इतका जोरात कधी पळालो नव्हतो. मागे पाहिलं तर तो दिसत नव्हता. मी जिंकत होतो.

आई उंबऱ्यात उभी होती. केस पांढरे झाले होते. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय ती कुणाला आत घेत नाही. मी धापा टाकत तिच्यापुढे उभा राहिलो. तिनं मला डोळे भरून पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"एकटाच? ते कुठंय?"

"गाडी लावून येऊन राह्यलाय," मी म्हणालो.

"मंग थांब तिथंच. दोघांवरून एकदम ओवाळते."

मी थांबलो. भर उन्हात, माझ्याच घराच्या उंबऱ्याबाहेर, घरात पंखा फिरतोय तो दिसत असताना. तो आला तो आरामात. वाटेत धान्याच्या दुकानात डोकावून, तिथल्या शेठला तुरीचा भाव विचारून आला. त्या शेठशी मी लहानपणापासून कधी बोललो नव्हतो.

"मावशी, जयभीम," तो म्हणाला. "आधी याच्यावरून ओवाळा. किती वर्षांनी घरी आलंय."

"तू गप. तुझ्या आईचा फोन आल्ता मला. आठ दिवस स्वतःच्या आईला न्हाई भेटलास रे बाबा, माझ्या लेकरासाठी..." तिनं तुकडा आधी त्याच्यावरून ओवाळला आणि तांब्या खाली ठेवून त्याच्या तोंडावरून हात फिरवला. रडत होती माझ्यासाठी आणि हात फिरवत होती त्याच्या तोंडावरून. मग माझ्यावरून ओवाळलं. तुकडा टाकला, पाणी टाकलं, डोळे पुसले आणि बाजूला झाली.

आमचं दार अरुंद आहे. दोन माणसं एकदम शिरत नाहीत. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा सगळ्यांनी बरोबरच शिरायचा आपला नियम मोडला. पाठीवर हात ठेवून त्यानं मला पुढे ढकललं. इतक्या वर्षांत मी त्याच्या पुढे गेलो तो त्या एका उंबऱ्यावर, आणि तेही त्यानं ढकललं म्हणून.

आत पाऊल टाकलं तोच मागून आईचा आवाज आला. "अरे, तूच काय घुसलास? त्याला घे ना आधी आत!"